पत्ता: चौदा, पुकेको प्लेस

प्रमोद खासनीस चिडला की एक्सेल उघडतो. ऑफिसवर चिडला तरी तेच, बायकोवर चिडला तरी तेच. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराचं पाणी तुंबलं आणि प्लंबर तीनदा येतो म्हणून आला नाही, तेव्हाही यानं आधी तक्ता केला आणि मग फोन. त्यामुळे ऑगस्टमध्ये शिक्षण खात्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी पुढ्यातला चहा गार होईपर्यंत त्याची तीन शीट भरून झाली होती, यात नीताला काही नवल वाटलं नाही. तिनं चहा परत गरम करून आणला, एवढंच.

पत्र तसं गोड होतं. फर्नब्रुक प्रायमरीत मुलं फार झाली आहेत, वर्ग पुरत नाहीत, सबब शाळेचा झोन थोडा लहान करायचा विचार आहे. सोबत नकाशा जोडला आहे, आपलं मत अवश्य कळवा. नकाशावर जुनी हद्द निळी होती आणि नवी लाल. बॉटनी डाउन्सच्या त्या भागातून लाल रेघ चांगली सरळ चालली होती, पण पुकेको प्लेसच्या तोंडाशी येताच ती आत वळली आणि पंधरा घरांची ती एवढीशी गल्ली बाहेर टाकून पुढे निघून गेली. चौदा नंबरचं घर प्रमोदचं. या देशात शाळा पत्त्यावर मिळते. पत्ता रेघेच्या आत असेल तर शाळेला नाही म्हणता येत नाही; बाहेर असेल तर चिठ्ठ्या टाकतात, आणि फर्नब्रुकमध्ये गेली दोन वर्षं चिठ्ठ्या टाकण्याइतकीही जागा निघाली नव्हती.

लाल रेघ एक जानेवारीपासून लागू होणार होती. प्रमोदची मुलगी इरा फेब्रुवारीत पाच वर्षांची होणार होती, आणि इथे मूल पाच वर्षांचं झालं की शाळेत जातं. म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांनी हुकत होतं.

"सहा आठवडे!" प्रमोद नीताला म्हणाला. "या लोकांना ही डिसेंबरमध्ये जन्माला यायला हवी होती का?"

दुसरं एखादं मूल असतं तर त्यानं चार दिवस आदळआपट करून दुसरी शाळा पाहिली असती. पण इराची गोष्ट निराळी होती. घरात तिचं तोंड मिटत नसे. बाथरूममध्ये बडबड, जेवताना बडबड, झोपेतसुद्धा मधूनच एखादं वाक्य. आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की चिडीचूप. किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, दीड वर्ष जात होती, पण तिथल्या बाईंनी तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. कान तपासले, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही मुलं असतात अशी, मागे लागू नका, ओळखीचं कुणीतरी सोबत ठेवा.

ते ओळखीचं माणूस होतं श्रिया. शुभम आणि दीप्तीची आठ वर्षांची मुलगी, फर्नब्रुकमध्येच तिसरीत. शुभम सांगलीहून शिकायला आला, शिकून इथेच राहिला आणि आता टायरच्या गोदामात पाळी सांभाळत होता. दीप्ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. दोघांना सुटायला सहा वाजत, म्हणून शाळा सुटली की श्रिया चालत प्रमोदच्या घरी येई. नीता घरूनच काम करायची. तिच्या हातचं थालीपीठ खाऊन श्रिया इराला ताब्यात घेई. बाहेर कुठे गेलं की इरा श्रियाच्या कानाशी हाताचा आडोसा करून कुजबुजे आणि श्रिया ते मोठ्यानं जाहीर करे. "शी वॉन्ट्स द ब्लू वन." "शी सेज शी इज नॉट कोल्ड." शब्दाला शब्द, स्वतःच्या पदरचं काही न घालता. जूनमध्ये लायब्ररीत श्रिया शेजारी उभी असताना इरानं स्वतःच्या तोंडानं "थँक यू" म्हटलं होतं, आणि नीता पुस्तकांच्या कपाटामागे जाऊन रडली होती.

तेव्हापासून घरात एकच पालुपद होतं. शाळेत कोण असणार? श्रिया! मग भीती कुणाला? कुणालाच नाही!

हे प्रमोदनं कुणालाही सांगितलं नाही. मुलीची अडचण सभेत मांडायची त्याला लाज वाटे, आणि लाज वाटते याचीही लाज वाटे. गल्लीतल्या लोकांपुढे तो रस्त्याबद्दल बोलला. नव्या झोनप्रमाणे मुलांना चार पदरी रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं लागणार होतं, आणि ते खरंच होतं. बाकीचेही रस्त्याबद्दलच बोलले. त्यांच्या मनात घरांच्या किमती होत्या, पण तोंडी सगळ्यांच्या लहान मुलं आणि ट्रक.

पुढचे दोन महिने प्रमोदनं स्वतःला या कामात गाडून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला. कोपऱ्यावरच्या डेअरीत, दूध-ब्रेडच्या फळीशेजारी, पत्रक चिकटवलं. शेजारच्या बारा नंबरमधल्या ग्लेनिस आजी तीस वर्षं त्या गल्लीत राहत होत्या, त्यांची नातवंडंसुद्धा कॉलेजात गेली होती, पण त्यांनी हिरिरीनं सह्या गोळा केल्या. खात्याला प्रमोदनं अकरा ईमेल पाठवल्या. अकराही वेळा तत्काळ उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. माणसाचं उत्तर एकही नाही. फोन केला की बासरी वाजे, आणि बासरी संपली की फोन कट होई.

"भिंतीशी बोलतोय मी," तो नीताला म्हणाला. "निदान भिंत आधी 'किआ ओरा' म्हणून नमस्कार तरी घालत नाही."

मग त्याला ती कल्पना सुचली. आकडा! गल्लीतून शाळेत मुलं जातात तरी किती? चार-पाच मुलं असतील तर गल्ली कापून शाळेत जागा होणार ती किती? एका शनिवारी जॅन्डल्स पायात अडकवून, हातात पॅड घेऊन तो पंधराही घरं फिरला. बहुतेकांनी नीट सांगितलं. पाच नंबरचा माणूस मात्र आधी "थ्री" म्हणाला, मग हसून "नो, वन, वन" म्हणाला आणि दार जरा घाईनं लावलं. प्रमोदनं एक लिहिला. स्वतःच्या घरापुढे शून्य, कारण इरा अजून शाळेत जात नव्हती. बेरीज आली सहा. त्यानं ती लाल चौकटीत टाकली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

इथे प्रमोदच्या लेटरबॉक्सबद्दल सांगायला हवं. त्या लेटरबॉक्समध्ये खासनिसांची पत्रं कमी आणि इतरांचीच जास्त येत. नवीन आलेल्या मराठी पोराला राहायला जागा मिळेपर्यंत बँकेसाठी पत्ता लागतो, लायसन्सला पत्ता लागतो. "अरे, आमचा टाक की," हे प्रमोदचं ठरलेलं वाक्य. तो स्वतः शिकायला आला तेव्हा त्याची सगळी पत्रं सँडरिंगहॅमच्या काशिनाथकाकांच्या घरी यायची, आणि काका ती रबरबँड लावून जपून ठेवायचे. त्याबद्दल काकांनी कधी हूं की चूं केलं नाही. पत्ता देणं म्हणजे आल्यागेल्याला पाणी विचारण्यासारखंच, असं प्रमोदला मनापासून वाटे. कुणाकुणाला कशाकशासाठी दिला याची मोजदाद त्यानं कधी ठेवली नव्हती. तक्ते करणाऱ्या या माणसाचा हाच एक तक्ता राहून गेला होता.

सभा ऑक्टोबरमध्ये शाळेच्याच हॉलमध्ये झाली. लहान मुलांच्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. इरा नीताबरोबर घरी होती. दीप्ती कामावरून तशीच, एप्रनवर स्वेटर चढवून आली होती आणि तिसऱ्या रांगेत बसली होती. प्रमोददादांची सभा आहे, मागे माणसं हवीत, म्हणून. खात्याच्या केली नावाच्या बाईंनी "किआ ओरा कातोआ" करून नकाशा दाखवला आणि सगळ्यांचं म्हणणं ऐकायला आलोय असं सांगून पाऊण तास स्वतःच बोलल्या. मग प्रमोद उठला. त्याचं इंग्रजी एरवी बेताचं चाले, पण रागात झक्कास होई.

"आमच्या गल्लीतून या शाळेत फक्त सहा मुलं येतात," तो म्हणाला. "मी स्वतः दारोदार जाऊन मोजली आहेत. सहा मुलांसाठी तुम्ही पंधरा घरं बाहेर काढताय!"

केलीबाईंनी समोरचे कागद चाळले. "आमच्या यादीप्रमाणे पुकेको प्लेसच्या पत्त्यावर सतरा मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर ती गल्ली निवडली."

हॉलमध्ये कुजबूज झाली. प्रमोदची कानशिलं तापली. दोन महिने भिंतीशी बोललेला माणूस तो. आज भिंत बोलली आणि खोटं बोलली.

"सतरा? मग तुमची यादी चुकलीय!" तो जवळजवळ ओरडलाच. "नाहीतर लोक खोटे पत्ते देतायत. काय ते शोधा ना! एकूणएक पत्ता तपासा, विजेची बिलं मागा. अकरा मुलं भलतीकडचीच असतील आणि शिक्षा आमच्या मुलांना, हा कुठला न्याय?"

टाळ्या पडल्या. ग्लेनिस आजी तर उभ्या राहिल्या. पाच नंबरवाला जमिनीकडे बघत होता. दीप्तीनंही टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ती दमली असेल असं प्रमोदला वाटलं.

"हे लेखी द्याल का?" केलीबाईंनी विचारलं. "म्हणजे नोंद करता येईल."

लेखी! प्रमोदनं तिथेच उभ्या उभ्या फोनवर ईमेल लिहिली. पुकेको प्लेसच्या पत्त्यावर नोंदलेल्या सर्व मुलांची पडताळणी व्हावी आणि त्यात कुणालाही कसलाही अपवाद करू नये, अशी रहिवाशांच्या वतीनं मागणी. पाठवून टाकली आणि छाती पुढे काढून बाहेर पडला.

पार्किंगमध्ये दीप्ती त्याच्या गाडीशी उभी होती.

"भारी बोललात, दादा," ती म्हणाली. "पण दादा, आपली श्रिया... तिचा पण पत्ता तुमचाच आहे ना."

प्रमोदला आधी कळलंच नाही. मग हळूहळू आठवलं. अडीच वर्षांपूर्वी ही दोघं लेकीला घेऊन त्याच्या मागच्या खोलीत पाच आठवडे राहिली होती. फ्लॅट मिळाला तो झोनच्या बाहेर, बसनं वीस मिनिटांवर. सामान हलवायच्या आदल्या दिवशी दीप्ती शाळेचा फॉर्म घेऊन आली होती आणि यानं क्रिकेट बघता बघता, मान न वळवता म्हटलं होतं: "अगं, हाच टाक की."

"तू मघाशीच का नाही बोललीस?"

"तिथं? सगळ्यांसमोर?" दीप्ती म्हणाली. "मला वाटलं तुमच्या लक्षात असेल. तुम्ही काहीतरी विचार करूनच बोलत असाल."

त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खात्याला फोन लावला. मागणी मागे घ्यायची आहे, म्हणाला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, एकदा नोंद झालेली मागणी मागे घेता येत नाही, पण आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. त्यानं ईमेल केली, तिला तेच ठरीव उत्तर आलं. दोन महिने हाका मारून या लोकांनी मान वर केली नव्हती, आणि नेमकं हेच एक ऐकलं, तेही नऊ दिवसांत. दहाव्या दिवशी पत्रं आली.

श्रियाचं पत्र अर्थातच प्रमोदच्या लेटरबॉक्समध्ये आलं. श्रियाच्या पालकांना, चौदा, पुकेको प्लेस. मुलगी या पत्त्यावर राहत असल्याचे पुरावे दोन आठवड्यांत द्यावेत, अन्यथा प्रवेश वर्षअखेरीस रद्द समजावा. प्रमोदनं ते पाकीट हातात घेऊन तिथेच फुटपाथवर चार-पाच मिनिटं काढली. फाडून टाकावं असंही एकदा त्याच्या मनात आलं.

"तुला मोजायला सांगितलं होतं कुणी?" नीता म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सगळं जग मोजलंस. आपल्या घरापुढे शून्य घातलंस."

"इरासाठीच केलं ना मी?"

"हो. आणि इराला काय हवं होतं? शाळा की श्रिया?"

तो प्रिन्सिपलबाईंना भेटायला गेला. बाई सज्जन होत्या. त्यानं सगळं सांगितलं. जे दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं, ते इराचंही सांगितलं. श्रिया रोज आमच्याकडेच असते, आमच्याकडेच खाते, ती आमच्या घरातलीच आहे, म्हणाला. बाईंनी विचारलं, झोपायला कुठे असते? खोटं बोलायचं तो घरून ठरवून आला होता, पण ऐन वेळी जीभ वळली नाही.

"एक मूल," तो म्हणाला. "एकच अपवाद करा."

बाईंनी त्याच्यापुढे एक कागद सरकवला. त्याचीच ईमेल होती. कुणालाही कसलाही अपवाद करू नये, या ओळीखाली पिवळी रेघ मारलेली होती.

"मिस्टर खासनीस, तुमच्यावर विसंबून आम्ही दहा कुटुंबांना नाही म्हटलंय," त्या म्हणाल्या. "अकराव्याला हो कसं म्हणू?"

पत्र द्यायला तो स्वतः शुभमच्या घरी गेला. शुभमनं उभ्यानंच पाकीट घेतलं. चहा घ्या म्हणाला, पण बसा म्हणाला नाही. दीप्ती आतून आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत, माहितीये आम्हाला. इकडची शाळा पण चांगली आहे म्हणतात. चालतच जाता येईल." तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर प्रमोदला काहीतरी बोलता आलं असतं. श्रिया सोफ्यावर टॅब घेऊन बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "काका, हू विल टॉक फॉर इरा?" दीप्तीनं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

नोव्हेंबरच्या शेवटी खात्याचा निर्णय आला. पडताळणीनंतर पुकेको प्लेसवर सहाच मुलं उरल्यामुळे ती गल्ली कापायचं कारण राहिलेलं नाही. जुनी हद्द कायम. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे, फुगे आणि नाचणारी माणसं यांचा पूर आला. "स्वीट अ‍ॅज!" असं नऊ नंबरवाल्यानं तीनदा लिहिलं. ग्लेनिस आजी केळ्याचा केक घेऊन आल्या आणि प्रमोदच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, या गल्लीला तुझ्यासारख्याचीच गरज होती. पाच नंबरवाला आता त्याला बघून गाडीच्या काचा वर करी. प्रमोदनं केक नीतासमोर ठेवला. तिनं तो डब्यात घालून फ्रीजमध्ये ढकलला, आणि तो तिथेच राहून राहून शेवटी फेकावा लागला.

डिसेंबरात शाळेचं वर्ष संपताच श्रियाचं येणं थांबलं. शुभमनं गोदामातली पाळी बदलून घेतली होती, आता तोच तिला शाळेतून आणणार होता. नीतानं दोनदा जेवायला बोलावलं, दोन्हीदा काहीतरी निघालं. इरा विचारी. हॉलिडेवर गेलीय, असं प्रमोद सांगे. डिसेंबर-जानेवारी म्हणजे इथला समर, सगळीच कुठे ना कुठे गेलेली असत, ते खपून जाई.

"तिला खरं सांग," नीता म्हणे.

"सांगतो."

"कधी? शाळेच्या दारात?"

तो आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. जानेवारीत दोनदा त्यानं इराला त्यासाठी मांडीवर घेतलं. दोन्ही वेळा इरानंच सुरुवात केली: "शाळेत कोण असणार?" आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "श्रिया."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इरा पाच वर्षांची झाली आणि निळी हॅट, पाठीपेक्षा मोठं दप्तर अशी शाळेत निघाली. नीताची नेमकी मीटिंग होती; खरं तर नव्हती, पण ती म्हणाली, "तू मिळवलीस शाळा, तूच ने." वाटेत इरानं अखंड बडबड केली. गेटशी आल्यावर ती गप्प झाली, पण घाबरली नाही. ती मोठ्या मुलांच्या घोळक्यात एकेक तोंड निरखत चालली होती. वर्गाच्या दारापर्यंत तिनं सगळं मैदान बघून घेतलं.

वर्गाच्या बाई तरुण आणि हसऱ्या होत्या. त्या इरासमोर चक्क जमिनीवर बसल्या. "किआ ओरा! आम्ही तुझी वाट बघत होतो. तुझं नाव मला सांगशील?"

इरानं एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. मग प्रमोदचा शर्ट ओढला. तो गुडघ्यावर बसला, तशी तिनं त्याच्या कानाशी हाताचा आडोसा केला, श्रियाच्या कानाशी करायची तसाच.

"बाबा, व्हेअर इज श्रिया?"

बाईंनी उत्सुकतेनं त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

भरल्या हॉलमध्ये ओरडून बोललेला प्रमोद खासनीस. त्यानं इराच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

"काही नाही," तो म्हणाला.

इरा त्याच्याकडे बघत राहिली. श्रिया असं कधीच करत नसे. कानात सांगितलेलं ती शब्दाला शब्द मोठ्यानं सांगायची. बाबा सांगेल म्हणून इरानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं त्याच्या कानाशी धरलेला हात काढून घेतला आणि तोंड घट्ट मिटून बाईंच्या मागे आत गेली.